मातीत पालाश भरपूर, पानांत मात्र कमी: कोणता अहवाल खरा मानावा?

प्रश्न
नमस्कार. माझ्या द्राक्षबागेच्या माती परीक्षणात उपलब्ध पालाश (पोटॅशियम) ‘जास्त’ आणि सामू (pH) 8.2 आला आहे. मण्यांत पाणी उतरू लागल्यावर, म्हणजे मणी मऊ होऊन पिकू लागल्यावर, पाठवलेल्या पानांच्या अहवालात मात्र पालाश 0.8 टक्के, म्हणजे ‘कमतरता’ दाखवली आहे. जुन्या पानांच्या कडा पिवळ्या पडून आता करपू लागल्या आहेत. पालाश द्यावे का?

उत्तर १
दोन्ही अहवाल खरे असू शकतात, कारण माती परीक्षण जमिनीतला साठा दाखवते आणि पानांच्या देठांचे परीक्षण वेलीने प्रत्यक्षात किती उचलले ते दाखवते. आपण नुसते देठ पाठवले होते की अख्खी पाने? आणि माती कोठून घेतली?

प्रश्नकर्ता
साधारण 25 अख्खी पाने पाठवली. माती दोन ओळींच्या मधून, वरच्या 15 सेंटिमीटरमधून घेतली.

उत्तर १
मग 0.8 या आकड्यावर लगेच खत ठरवू नका. देठात पालाश पात्यापेक्षा (पानाच्या पसरट भागापेक्षा) सहसा जास्त असते, त्यामुळे अख्ख्या पानाचा आकडा देठासाठीच्या योग्य प्रमाणांच्या कोष्टकाशी ताडला तर कमतरता नसतानाही दिसते. शिवाय मण्यांत पाणी उतरल्यावर पालाश घडाकडे ओढले जाते, म्हणून फुलोऱ्याचे निकष तेव्हा लागू पडत नाहीत. पुढच्या फुलोऱ्यात घडासमोरच्या पानांचे 75 ते 100 देठ बागभर फिरून घ्यावेत, पाते तोडताक्षणी वेगळे करावे आणि देठ कागदी पिशवीत ठेवावेत. प्लास्टिकच्या बंद पिशवीत ते घामेजून कुजतात.

उत्तर २
मातीचा नमुनाही चुकला आहे. ठिबक असेल तर पांढरी मुळे ओल्या पट्ट्यातच असतात, म्हणून तेथील 0 ते 30 आणि 30 ते 60 सेंटिमीटरचे नमुने वेगवेगळे द्यावेत. त्याच वेळी एका वेलीजवळ खड्डा घेऊन मुळे डोळ्यांनी पाहावीत, कारण मातीचा थर घट्ट झाला असेल, ओल टिकत नसेल किंवा सूत्रकृमींच्या (मुळांवर जगणाऱ्या सूक्ष्म कृमींच्या) गाठी असतील, तर साठा असूनही वेल उपाशी राहते. भारी चिकणमातीत पालाश मातीच्या कणांत अडकूनही पडते.

उत्तर ३
कडा करपणे क्षारांमुळेही होते, त्यामुळे सोडियम आणि क्लोराइड तपासल्याशिवाय पालाशाची कमतरता ठरवणे मला धोक्याचे वाटते. गरज नसताना पालाश वाढवले तर मॅग्नेशियमचे शोषण दबते आणि रसाचा सामूही चढतो. सध्या करपलेल्या आणि निरोगी वेलींचे देठ एकाच दिवशी, फांदीच्या मधल्या, नुकत्याच पक्व झालेल्या पानांचे घेऊन दोन वेगळ्या पिशव्यांत पाठवा. कोष्टकापेक्षा या दोन आकड्यांतला फरक आत्ता जास्त उपयोगी पडेल. खुंट (ज्यावर द्राक्षाचे कलम केले जाते ती मुळांकडची वेल) वेगळे असतील तर त्यांचे नमुने मिसळू नका, कारण प्रत्येक खुंटाची पालाश उचलण्याची ताकद वेगळी असते.