काळ्या मातीत हिरवळीची पक्की कड कशी टिकवावी?

प्रश्न
इंदूरला आमच्या घरापुढे साधारण 30 फूट लांब आणि 20 फूट रुंद हिरवळ असून तिच्या तीन बाजूंना फुलझाडांचे वाफे आहेत. हरळी वाफ्यांत शिरू नये म्हणून गेल्या मे महिन्यात एका कंत्राटदाराकडून विटांची, वरून सिमेंटचा गिलावा केलेली कड बांधून घेतली. पावसाळा सरेपर्यंत तिला ठिकठिकाणी उभ्या चिरा पडल्या आणि एका कोपऱ्यात ती बोटभर वर उचलली गेली. सिमेंटचे प्रमाण वाढवून पुन्हा बांधून देण्याची कंत्राटदाराची तयारी आहे. पुन्हा खर्च करण्यापूर्वी वीट, काँक्रीट आणि कोटा फरशी यांपैकी काय निवडावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर 1
सिमेंट वाढवून काही साधणार नाही, कारण दोष गिलाव्यात नसून खालच्या मातीत आहे. माळव्याची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. मे महिन्यात पूर्ण आकसलेल्या मातीवर बांधलेली सलग कड पहिल्या पावसातच उचलली जाणार, हे ठरलेलेच. काम दिवाळीच्या सुमारास करावे. तेव्हा माती ना चिखल असते ना दगड. सूत बांधून फूटभर खोल चर खणावा, निघालेली काळी माती पुन्हा त्यात लोटू नये, तळाशी चार इंच मुरूम ओलवून धुमसाने ठोकावा आणि त्यावर पक्क्या भाजलेल्या विटा एकमेकींना चिकटवून उभ्या बसवाव्यात. सांध्यांत सिमेंट घालू नये, बारीक चुरी भरावी. एखादी वीट हललीच, तर तेवढीच काढून बसवता येते. गिलावा केलेल्या कडेला ही सोय नाही.

उत्तर 2
मुरुमाविषयी सहमत आहे, परंतु विटांच्या सांध्यांतून हरळी निघतेच. तिचे धुमारे जमिनीवरून जसे पसरतात, तसे जमिनीखालूनही सरकतात. कोटा फरशीच्या फूटभर रुंदीच्या पट्ट्या चरात उभ्या गाडल्या, तर दोन फुटांत एकच सांधा येतो. काँक्रीटच हवे असेल, तर सलग ओतू नये; दर तीन-चार फुटांवर फट सोडावी, म्हणजे चिरा आपल्याला हव्या तिथेच पडतील. जुन्या सरकारी बंगल्यांच्या आवारात गेरू-चुन्याने रंगवलेल्या तिरप्या विटांची दातेरी कड असते. ती दिसायला देखणी, पण दातांमधले गवत हातानेच कापावे लागते.

प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. एका बाजूची कड वळणदार आहे, तिथे सरळ पट्ट्या कशा बसतील? शिवाय कड जमिनीपासून किती वर ठेवावी?

उत्तर 1
वळणावर उभी वीटच बरी, कारण तिची रुंदी कमी असल्याने गोलाई मोडल्यासारखी दिसत नाही. सरळ दोन बाजूंना खुशाल कोटा लावावा. उंची हिरवळीच्या मातीबरोबर किंवा फार तर अर्धा इंच वर असावी. त्याहून उंच कडेला गवत कापण्याच्या यंत्राचे पाते अडते, काठाची पट्टी न कापलेली राहते आणि नेमकी तिथूनच हरळी वाफ्यात उतरते. विटांच्या आतल्या अंगाला आणखी एक रांग सपाट बसवली, तर यंत्राचे चाक तिच्यावरून फिरते.

उत्तर 2
उचलला गेलेला कोपरा आधी पाहावा. छपराच्या पन्हाळीचे किंवा नळाचे पाणी तिथे मुरत असेल, तर कड कशाचीही असो, पुढच्या आषाढात ती पुन्हा हलेल. ते पाणी नळीने दूर नेल्यावरच चर खणायला घ्यावा. हरळीचे म्हणाल, तर पावसाळ्यात दर पंधरवड्याला कडेलगत कुदळीची धार फिरवणे चुकत नाही. कोटाही तिला पुरता रोखत नाही, फक्त काम हलके करतो.