थडगी, फेस क्रीम आणि मेमसाहेब

वाळवंटी
अगाथा ख्रिस्ती सलग वाचून काढली आणि डोकं फिरलं. १९३६ला इराकमधलं उत्खनन, १९३७ला नाईलवरची बोट, १९३८ला जॉर्डनमधलं प्राचीन पेट्रा. तिन्ही कादंबऱ्यांत मरणारे गोरे आणि मारणारेही गोरेच. स्थानिक माणसं सामान उचलतात आणि गुल होतात. विलायती हवेला कंटाळलेल्या सुखवस्तू लेखिकांनी दुसऱ्याच्या देशातली थडगी नेपथ्य म्हणून वापरली, हे माझं सरळ मत. खोडून दाखवा.

खापरतुकडा
हवेला कंटाळून? बाईंचं लग्न मोडलं होतं हो! १९२८ साली घटस्फोटानंतर एकटीने ओरिएंट एक्स्प्रेस पकडून बगदाद गाठलं, तिथून उर, म्हणजे इराकमधल्या प्राचीन शहराचं उत्खनन. १९३०ला पुन्हा गेली तेव्हा उरलाच मॅक्स मॅलोवन भेटला. तो पुरातत्त्ववाला, वयाने चौदा वर्षांनी लहान. त्याच वर्षी लग्न. (आपल्याकडे आजही चार नातेवाईक रुसतील.)
पुढे निमरुदला (हेही इराकमधलंच प्राचीन शहर) निघालेले हस्तिदंती तुकडे तिने स्वतः साफ केले. हत्यारं काय, तर विणकामाची बारीक सुई, नखं कोरायची काडी आणि तोंडाला लावायचं क्रीम. चिरांत बसलेली माती क्रीमने सुटते आणि नाजूक हस्तिदंताला धक्का लागत नाही. दोनेक आठवड्यांत स्वतःच्या तोंडाला लावायला क्रीम उरलं नाही, असं तिनेच लिहून ठेवलंय. नेपथ्याची इतकी उस्तवार कोण करतं?

वाळवंटी
आणि ते तुकडे गेले कुठे? काही बगदादला राहिले, बाकीचे लंडनला. ब्रिटिश म्युझियमने २०११ मध्ये त्यातले सहा हजारांच्या आसपास घेतले.

खापरतुकडा
इराकशी रीतसर वाटणी झाली होती. आणि २०१५ मध्ये आयसिसने निमरुदचा राजवाडा उडवला, तेही जमेस धरा.

वाळवंटी
हा युक्तिवाद कोहिनूरवालेही करतात. असो.

नाईलकाठ
ख्रिस्तीवरच काय अडलात? अमेलिया एडवर्ड्स घ्या. तीही कादंबरीकार. १८७३ मध्ये फ्रान्समधल्या पावसाला वैतागून इजिप्तला गेली (हवेचा सिद्धांत इथे चालेल). तिथल्या अबू सिंबलच्या देवळात रामसेस या फेरोच्या पुतळ्याच्या अवाढव्य चेहऱ्यावर कुणीतरी साचा घेताना प्लास्टरचे पांढरे डाग ठेवले होते. बाईंनी खलाशांना वर चढवून ते खरवडायला लावले, आणि जे निघेनात ते दगडाच्या रंगात मिसळावेत म्हणून चक्क कॉफीने रंगवून घेतले. इतकी कॉफी लागली की बोटीवरचा स्वयंपाकी हबकला.
पण हिनेच १८८२ मध्ये इजिप्तमधल्या उत्खननासाठी इजिप्त एक्स्प्लोरेशन फंड उभा करण्यात पुढाकार घेतला. मृत्युपत्रात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजला इजिप्तविद्येच्या अध्यासनासाठी पैसे ठेवले, कारण तिथे बायकांना पदवी मिळायची. पहिले प्राध्यापक फ्लिंडर्स पेट्री. याला नुसती हौस म्हणणार?

वाळवंटी
डाग पाडले युरोपियनांनी, पुसायला चढले नाईलचे खलाशी, नाव झालं बाईंचं. माझाच मुद्दा झाला की!

पाटीपेन्सिल
हौसेचं म्हणाल तर बार्बरा मर्ट्झ. शिकागो विद्यापीठातून १९५२ मध्ये इजिप्तविद्येत डॉक्टरेट, पण त्या क्षेत्रात नोकरी मिळाली नाही. मग एलिझाबेथ पीटर्स नावाने १९७५ पासून उत्खननावरच्या रहस्यकथांची मालिका लिहिली. नायिका अमेलिया पीबॉडी. ज्ञान होतं, दार बंद होतं. अशा बाईने कादंबरीतून आत जायचं नाही तर कुठून?

थेम्सकाठची
मीना प्रभू लंडनमध्ये राहिल्या, पेशाने डॉक्टर, आणि इजिप्तायन, तुर्कनामा, गाथा इराणी लिहिलं. त्यांना कुणी मेमसाहेब म्हणतं का? की आपल्या माणसाला सूट?

वाळवंटी
त्या बघून आल्या, ताई. खणून घेऊन नाही आल्या.

खापरतुकडा
बरं, ख्रिस्तीची १९४४ची ती प्राचीन थीब्जमधली कादंबरी? सगळी पात्रं इजिप्शियन, औषधालाही गोरा नाही.

वाळवंटी
म्हणजे चार हजार वर्षांपूर्वी मेलेले चालतात, जिवंत नकोत!

खापरतुकडा
जिवंत हवेत तर सीरियाच्या आठवणींचं १९४६चं पुस्तक काढा. मुकादम हमूदी त्यात नावानिशी आहे. ड्रायव्हर, नोकर, मजुरांची भांडणं, सगळं आहे.

वाळवंटी
वाचलंय. नोकरांची फिरकीच घेते.

खापरतुकडा
नवऱ्याची सोडते का? आणि स्वतःची? पुस्तकाची सुरुवातच मुळी लंडनच्या दुकानांत आपल्या जाड अंगाला बसेल असे कपडे शोधताना होणाऱ्या फजितीने आहे.