आयर्लंडमधली चमत्कारिक आणि महागडी घरं: बघायला जावं की हसून सोडून द्यावं?

लिफीकाठची

नमस्कार मंडळी. डब्लिनमध्ये सहा वर्षं भाड्याने राहतोय, आता पहिलं घर घ्यायचंय. पगाराच्या चौपट कर्ज या नियमाने आणि आमचे 10 टक्के धरून साधारण 4 लाख 60 हजार युरोपर्यंत हात पोचतो. एकासारखी एक सेमी-डी (एका बाजूची भिंत शेजाऱ्याला चिकटलेली) घरं बघून डोळे शिणले, त्यामुळे झोपण्याआधी डाफ्टवर, म्हणजे इथल्या घरांच्या जाहिरातींच्या साइटवर, विचित्र घरं बघायची सवय लागली आहे. नवरा याला व्यसन म्हणतो. पण चार घरं डोक्यातून जात नाहीयेत.

पहिलं डब्लिनमधल्याच स्टोनीबॅटरचं कॉटेज, एक बेडरूम, 34 चौरस मीटर, 3 लाख 95 हजार. म्हणजे 366 चौरस फूट हो! गिरगावात एवढ्या जागेत आम्ही सात माणसं राहायचो, पण ते पागडीवर. दुसरी लेट्रिम काउंटीतल्या खेड्यातली जुनी प्राथमिक शाळा, 1 लाख 65 हजार. उंच खिडक्या, मुलांचं दार वेगळं, मुलींचं वेगळं, संडास पटांगणापलीकडे. तिसरं क्लेअरमधलं गवती छपराचं घर, 2 लाख 85 हजार, अगदी चॉकलेटच्या डब्यावरच्या चित्रासारखं. आणि चौथा (हसू नका) टिपररीतला एक बुरूज. टॉवर हाऊस म्हणतात ना, तसा पंधराव्या-सोळाव्या शतकातला. 4 लाख 50 हजार, 'काही अंशी जीर्णोद्धार झालेला'.

दोघंही आठवड्यातून तीन दिवस घरून काम करतो. यातलं कुठलं निदान बघायला जाण्याच्या लायकीचं आहे? आणि या किमती ठरवतं कोण?

गॉलवेकर

किल्ला घ्या. दिवाळीला आम्ही मावळे येतो. डागडुजीची वर्गणी मात्र मागू नका. (दिवे घ्या)

ओलावा_तज्ज्ञ

या धंद्यातच आहे, त्यामुळे जरा लांबण लावतो.

आधी किमतीबद्दल. डब्लिनमध्ये जाहिरातीतली किंमत ही गळाला लावलेली अळी असते. मुद्दाम कमी लिहायची, शनिवारी वीस माणसं जमवायची, मग बोली चढत जाते. लेट्रिमच्या शाळेला किंवा बुरुजाला तसं गिऱ्हाईक नसतं. तिथे लिहिलेला आकडा ही मालकाची आशा असते आणि ती दोन-दोन वर्षं तशीच लटकून राहते. म्हणजे जाहिरातीत शब्द एकच, 'आस्किंग प्राइस', पण डब्लिनमध्ये त्याच्या वरचं धरून चाला आणि खेड्यात खालचं.

खरी किंमत प्रॉपर्टी प्राइस रजिस्टरवर बघा. 1 जानेवारी 2010 पासूनचे घरांचे व्यवहार पत्त्यासकट तिथे आहेत, फुकट. दोन गोष्टी सांभाळा. नव्या घरांची किंमत तिथे व्हॅट वगळून असते. आणि जुन्या घराचं क्षेत्रफळ नसतं, त्यामुळे शेजारचं 3 लाख 20 हजारला गेलेलं घर तुमच्यापेक्षा लहान होतं की मोठं, ते तुमचं तुम्ही शोधायचं.

स्टोनीबॅटरची ती कॉटेजं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कामगारांसाठी एका कंपनीने ओळीने बांधली. आज तुम्ही पैसे मोजता ते पायी शहरात जाता येतं याचे. घर महाग आहे, पण बाजारभावापेक्षा महाग नाही. एवढ्या लहान घराला काही बँका कुरकुरतात, तेवढं आधी विचारा.

बुरूज विसरा. 'काही अंशी जीर्णोद्धार' म्हणजे आधीच्या मालकाचे पैसे जिथे संपले तो अंश. एक दगड हलवायचा तरी परवानग्या. बँक दारात उभं करणार नाही, सगळी रोकड लागेल.

लिफीकाठची

बाप रे, धन्यवाद. बुरुजाच्या जाहिरातीत बीईआरच (घर ऊर्जा किती वाचवतं त्याचा दर्जा) नव्हता. मला वाटलं इतकं वाईट घर की ए ते जी मध्ये बसलंच नाही.

ओलावा_तज्ज्ञ

नाही नाही. संरक्षित वास्तूंना बीईआरमधून सूट आहे. थंडीला सूट नाही.

कोर्कची_मावशी

अगं, गवती घराचं मी सांगते. आमच्याकडे राजापूरला पावसाआधी गोठ्याची शाकारणी असायची. चार गडी, दोन दिवस, वर जेवण. इथे शाकारणी म्हणजे कारागिराची वाट बघायची, मग कोटेशन बघून खुर्चीत बसायचं. पाण्यातल्या बोरूचं छप्पर पुष्कळ वर्षं टिकतं, ओटच्या काडाचं कमी. जाहिरातीत दोन्ही गोजिरवाणी दिसतात, म्हणून कशाचं आहे आणि शेवटचं कधी केलं ते विचार. कडेची आणि पाख्याची काडं काळी पडली असतील तर समजायचं.

पण खरी मेख विम्यात आहे. गवती छपराचा विमा उतरवणाऱ्या कंपन्या मोजक्या, हप्ता भला मोठा, आणि विमा नाही तर बँक कर्जाचे पैसे सोडत नाही. माझ्या ओळखीतल्या एका जोडप्याने बोली लावली, वकील नेमला, सर्व्हे केला, आणि शेवटच्या आठवड्यात विम्यापाशी अडकले. तू आधी विम्याचं कोटेशन घे, मग घर बघायला जा. घर बघितलंस की प्रेमात पडशील आणि मग कुणाचं ऐकणार नाहीस.

जुना_भाडेकरू

'महागडी' म्हणालात म्हणून. डब्लिनच्या श्रूजबरी रोडवरचा वॉलफर्ड नावाचा बंगला 2005 मध्ये 5 कोटी 80 लाख युरोला विकला गेला होता. 2013 मध्ये तोच सुमारे 1 कोटी 40 लाखाला गेला. मी 2007 मध्ये आलो तेव्हा ऑफिसात जो तो 'आत्ता घेतलं नाहीस तर कधीच नाही' म्हणत होता. मग 2008 आलं. तेव्हाचे लोक अजून त्या घरांत आहेत, आणि 2022 मध्ये भाव परत 2007 च्या वर गेले तेव्हा कुठे त्यांनी श्वास सोडला. मी अजून भाडेकरू आहे, त्यामुळे माझा सल्ला जपून घ्या.

पडवीतला_झोपाळा

शाळा का सोडताय? ओसाड घर दुरुस्त करायला सरकार 70 हजार युरो देतं. दोन वर्षं रिकामं असलं तरी 50 हजार. आणि बेटांवर राहायला जाणाऱ्याला 84 हजार देतात, आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर आलं होतं.

ओलावा_तज्ज्ञ

तो फॉरवर्ड 2023 पासून फिरतोय. नाशिकच्या काकांनी मलाही पाठवला, 'बॅग भर' म्हणून. बेटावर राहायला जाण्याचे पैसे कुणी देत नाही. रिकाम्या आणि मोडकळीला आलेल्या घरांचं जे अनुदान आहे तेच बेटांवर थोडं वाढीव आहे, 60 आणि 84 हजार. घर तुम्ही विकत घ्यायचं, दुरुस्त करायचं, मग पैसे. रच्याकने, युरोपबाहेरच्या माणसाला इथे घर घेता येतं, पण घर घेतल्याने व्हिसा मिळत नाही. हे त्या काकांनाही सांगितलं.

अनुदान खरं आहे आणि चांगलं आहे. पण ते काम झाल्यावर मिळतं, आधी कंत्राटदाराला कुठून देणार ते ठरवा. पाच वर्षांच्या आत विकलंत तर सगळं परत, पाच ते दहा वर्षांत विकलंत तर 75 टक्के परत. आणि शाळेचं घर करायला नियोजन परवानगी लागेल, ती झोपाळेबुवांनी गाळली.

पडवीतला_झोपाळा

गाळली नाही, माहीत नव्हती. :)

गॉलवेकर

आता जरा गंभीरपणे. जाहिरातींची भाषा आपल्या वधू-वर मेळाव्यासारखी वाचा. 'निमगोरी, गृहकृत्यदक्ष'चा अर्थ लावायला आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही ना? तसंच इथे. 'आधुनिकीकरणाची गरज' म्हणजे वायरिंग आजोबांच्या वेळचं. 'एक्झिक्युटर सेल' म्हणजे म्हातारी गेली, भाचे अमेरिकेत, वारसाहक्काची कागदपत्रं कोर्टात. या शेवटच्याला वाईट म्हणत नाही. अशा घरांत भिंतीवर येशूची तसबीर आणि तांबडा दिवा असतो, न्हाणीघरात गालिचा असतो, पण छप्पर वेळच्या वेळी बघितलेलं असतं. फक्त वेळ लागतो.

आणि खेड्यात घेणार असाल तर वहिवाट तपासा. स्लायगोच्या लिसाडेल हाऊसच्या नव्या मालकांचा तिथल्या वाटांवरून काउंटी कौन्सिलशी वाद झाला, तो 2013 मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. एवढ्या मोठ्या इस्टेटीचं हे, तर तुमच्या शाळेच्या पटांगणातून एखादा शेतकरी चाळीस वर्षं गाई नेत असेल तर काय कराल?

कोर्कची_मावशी

शेतात गोल बांध किंवा एकटं हॉथॉर्नचं झाड असेल तर त्याला हात लावू नका. गोल बांध पुरातत्त्वाच्या नोंदीत असतो. झाडाचं म्हणशील, तर इथे त्यात पऱ्यांचा वास मानतात; क्लेअरमध्ये लाटूनच्या अशाच परीझाडासाठी 1999 मध्ये रस्त्याची आखणी बदलायला लावली होती. आपल्याकडे म्हसोबाला रस्ता वळसा घालून जातो, तेच.

लिफीकाठची

धागा वर काढतेय. गवती घराला विम्याचं कोटेशन मागितलं. दोन ठिकाणांहून सरळ नकार आला, तिसरीकडून जो आकडा आला तो नवऱ्याला दाखवला नाही. स्टोनीबॅटरला गेलो होतो. आत एका वेळी सहाच माणसं सोडत होते कारण सातवा मावत नव्हता. बोली कालपर्यंत 4 लाख 40 हजारला गेली. आम्ही थांबलो.

आणि शाळा बघितली. अजून बसता-उठता तेच चाललंय. फळा भिंतीवर तसाच आहे. खिडक्या इतक्या उंच, की बाहेर बघायला बाकावर चढावं लागावं. मुलांचं लक्ष बाहेर जाऊ नये म्हणून असेल. आमचा सहा वर्षांचा पोरगा आपण होऊन 'बॉईज'च्या दाराने आत गेला आणि मला 'तुझं दार तिकडे' म्हणाला. उत्तरेच्या भिंतीला गुडघ्यापर्यंत ओल, पोपडे हाताने निघतात. शेजारच्या आजोबांनी सांगितलं की ही तीन वर्षं विकायला आहे, आधी दुसऱ्या एजंटाकडे 2 लाख 10 हजारला होती. एजंट मात्र 'बाकीच्यांनी बरीच चौकशी केली आहे' म्हणत होता. ते बाकीचे कुठे दिसले नाहीत, एक मेंढी होती.

ओलावाबुवा, बोली लावायची तर कितीची?

ओलावा_तज्ज्ञ

एक युरोचीही नाही, आत्ता. सांडपाणी कुठे जातं ते आधी सांगा. पटांगणापलीकडच्या संडासाला सेप्टिक टँक आहे का? नसेल तर घर म्हणून परवानगी घेताना सांडपाण्याची नवी व्यवस्था दाखवावी लागणार, आणि लेट्रिमची माती चिकणमाती. पाणी मुरण्याच्या चाचणीत तिथल्या कित्येक जागा नापास होतात. ते जमलं नाही तर तुम्ही 1 लाख 65 हजाराला फळा विकत घेतलात.

फोलिओ काढला का? 5 युरोत ऑनलाइन मिळतो. आपला सातबाराच समजा, हद्दीचा नकाशा जोडून.

लिफीकाठची

काढला. टँकचा उल्लेख कुठेच नाही. वाटेची नोंदही नाही, पण आजोबांच्या गाई पटांगणातूनच जात होत्या, आमच्या डोळ्यांदेखत. किती वर्षं विचारलं तर म्हणाले, 'माझ्या बापाच्या वेळेपासून.'

गॉलवेकर

म्हटलं होतं ना.

कोर्कची_मावशी

आजोबांशी भांडू नकोस. चहा पी त्यांच्याकडे. टँक कुठे पुरलाय ते एजंटाला नाही, त्यांनाच ठाऊक असणार.

लिफीकाठची

मावशी, खरंच तसं झालं! काल फोन केला. म्हणाले, मास्तर राहायचे त्या खोलीच्या मागे, नेटल्सच्या (खाजऱ्या झुडपांच्या) रानात एक काँक्रीटचं झाकण आहे. पण 1980 नंतर ते कुणी उघडलेलं नाही. येत्या शनिवारी तिथला एक सर्व्हेअर आणि माती तपासणारा असे दोघं बोलावलेत. पैसे जातील ते जातील. एजंटाला 1 लाख 30 हजार असं नुसतं तोंडी म्हणून ठेवलंय, चाचणी पास झाली तरच. तो 'मालक दुखावतील' म्हणाला, आणि अर्ध्या तासाने आम्ही रोख घेणार का विचारायला परत फोन.

सोबत काय न्यायचं?

ओलावा_तज्ज्ञ

गमबूट, जाड हातमोजे, विळा. झाकणाला पहार लागेल, ती आजोबांकडे असेल. झाकण उघडल्यावर मुलाला जवळ येऊ देऊ नका.