फुगवायच्या बोटीतून कुत्र्याला सुरक्षित कसं न्यायचं? (सांगली, पुराआधीची तयारी)

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. आम्ही सांगलीत कर्नाळ रोडच्या बाजूला राहतो, २०१९ आणि २०२१ दोन्ही वेळेला घरात पाणी आलेलं. यंदा मिस्टरांनी चार माणसांची फुगवायची बोट घेतलीय, पीव्हीसीची, सोबत दोन वल्ही आणि पायपंप, मोटर वगैरे नाही. आमचा शेरू देशी आहे, २३-२४ किलोचा, एरवी खूप शहाणा पण पायाखाली काही हललं की बिथरतो, टेम्पोत चढवायचं तरी दोघं लागतात. सासूबाईंनी सांगूनच टाकलंय की शेरूला मागं ठेवून मी घराबाहेर पाय टाकणार नाही, आणि माझंही तेच मत आहे. तर विचारायचं असं की नखांनी बोट फाटते का, त्याला बांधून ठेवायचं का मोकळं, आणि मध्येच उडी टाकली तर काय करायचं. शेजारचे म्हणतात झोपेची गोळी द्या, ते बरोबर आहे का? पावसाला अजून वेळ आहे म्हणून आत्ताच विचारतेय, पाणी दारात आल्यावर कोण विचारणार आणि कोण सांगणार.

शिरोळकर
ताई, बोटीचं सांगतोच पण आधी दुसरं. बोट हा शेवटचा मार्ग धरा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ४० फूट इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी, आणि तुमच्या गल्लीत किती फुटाला पाणी शिरतं हे तुमच्याकडं पोराटोरांना पण पाठ असणार. त्याच्या आधी, रस्ता कोरडा असतानाच शेरूला त्याच्या चार पायांवर चालवत बाहेर काढा. कोयनेतून विसर्ग वाढवला अशी बातमी आली की लोक काय करतात, फ्रीज माळ्यावर, तिजोरी माळ्यावर, सगळं सामान चढवून झालं की मग कुत्र्याची आठवण, तोवर कमरेएवढं पाणी. तुम्ही उलटं करा, म्हातारी माणसं आणि जनावरं पहिली.

आता बोट. एनडीआरएफच्या रबरी बोटी बघून आपल्याला वाटतं की आपलीही तशीच, पण त्यांचं कापड जाड असतं, हवेचे कप्पे बरेच असतात आणि वर मोटर चालवणारा माणूस शिकलेला असतो. बाजारातली चार माणसांची बोट ही तळ्यात फिरायला केलेली वस्तू आहे. नखांनी ती फाटू शकते, पण मला नखांपेक्षा जास्त भीती वाटते ती पाण्याखाली न दिसणाऱ्या गोष्टींची. कंपाउंडची काटेरी तार, गेटवरचे भाले, अर्धवट बांधकामाच्या सळ्या, शेतातून गेलात तर उसाचे बुडखे. गल्लीत पाणी स्थिर असेल तरच ती बोट वापरा. नदीचा प्रवाह जिथं रस्ता ओलांडून जातोय तिथं वल्ही मारून काहीही होत नाही, बोट वाहूनच जाते, तिथं थांबायचं आणि मोठ्या बोटीची वाट बघायची.

आणि बोटीवर जो वजनाचा आकडा छापलेला असतो तो संथ पाण्याचा. मी तर त्याच्या निम्मंच धरतो. शेरू म्हणजे नुसते २४ किलो नाहीत, ते हलणारे २४ किलो आहेत. तुमच्या बोटीत दोन मोठी माणसं आणि तो, बास, बाकीच्यांसाठी दुसरी फेरी. २०१९ ला ऑगस्टमध्ये ब्रह्मनाळला काय झालं ते आपल्या भागात कुणाला सांगायला नको, बोटीत माणसं जास्त झाली होती, बोट उलटली आणि माणसं बुडाली.

पशुवैद्य_मिरज
झोपेच्या गोळीचं आधी, कारण दर पावसाळ्यात हा प्रश्न येतो. देऊ नका. गुंगीतलं कुत्रं पाण्यात पडलं तर त्याला डोकं वर धरता येत नाही, पोहता येत नाही, उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते. शिवाय अशा बऱ्याच औषधांनी रक्तदाब आणि अंगातली उष्णता उतरते आणि वरून पाऊस, म्हणजे दोन्हीकडून गारठा. फारच घाबरट असेल तर आत्ता दवाखान्यात दाखवा, भीती कमी करणारी वेगळी औषधं असतात पण ती आधी घरी कोरड्यात देऊन बघावी लागतात, ऐन वेळी पहिल्यांदा नाही.

दुसरं, लेप्टोची लस. उंदराच्या मुतातून पाण्यात येतो हा आजार, पुराच्या पाण्यात धोका जास्त, आणि कुत्र्याला झाला की घरातल्या माणसांनाही होऊ शकतो. पहिल्यांदा देताना दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात आणि नंतर दरवर्षी एक, म्हणजे जुलैत धावत येऊन उपयोग नाही, आत्ताच सुरू करा. रेबीजचं कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवा. बाहेर पडल्यावर त्याला साबण लावून स्वच्छ पाण्याने धुवा, पुराचं पाणी पिऊ देऊ नका (बोटीत एक बाटली आणि वाटी त्याच्यासाठी वेगळीच ठेवा) आणि तुम्ही स्वतः त्या पाण्यातून चालला असाल, पायाला जखम असेल, तर डॉक्टरांना लेप्टोसाठीच्या डॉक्सीसायक्लिन गोळीबद्दल विचारा.

मुसकं सोबत असू द्या पण बोटीत असताना घालू नका, पाण्यात पडला तर तोंड उघडता आलं पाहिजे. ते पुढं छावणीत गर्दीत लागेल.

बॅकवॉटर_भटक्या
मी माझ्या लॅब्रॅडॉर कुत्र्याला घेऊन फुगवायच्या कयाकमधून (लांबट छोटी होडी) धरणाच्या बॅकवॉटरला जातो, पुराचा अनुभव नाही पण कुत्रं आणि हवेची बोट हे गणित रोजचं आहे म्हणून लिहितोय.

शेरू बिथरतो ते पाण्याला नाही, पायाखालच्या मऊ तळाला. या बोटींचा तळ पातळ असतो, पाऊल टाकलं की खाली जातं, कुत्र्याला वाटतं जमीनच गेली. लहान मुलांच्या खोलीत टाकतात ते जोडायचे फोमचे तुकडे असतात ना, ते तळाला बसतील असे कापून टाका, त्यावर ओलं गोणपाट. नखं पण रुतत नाहीत आणि पाय पण घसरत नाही. प्लायवूड टाकू नका, त्याच्या कडा नखांपेक्षा वाईट. फुगवलेली एक सीट काढून टाका म्हणजे त्याला बसायला जागा होईल. नखं आधी कापून कानशीने गोल करून घ्या.

मग बोट हॉलमध्ये फुगवा, पाणी नकोच. शेरूचं जेवण त्यातच. हळूहळू तो स्वतः जाऊन बसायला लागेल, मग तुम्ही शेजारी बसा, मग बाजूने कुणीतरी बोट हलवा. 'बस' म्हटलं की तुमच्या गुडघ्यांच्या मध्ये खाली बसायचं एवढं एकच शिकवा, पुढच्या टोकाला किंवा काठावर उभं राहायची सवय लागूच देऊ नका. मे महिन्यात दुपारी गच्चीवर हे करू नका, पीव्हीसी तापून पंजे भाजतात आणि गच्च भरलेली बोट उन्हात शिवणीला उसवते. याचं उलटंही आहे, घरात कडक भरलेली बोट गार पाण्यात टाकली की मऊ पडते, म्हणून पंप सोबत घ्या आणि सुटल्यावर परत भरा.

बांधायचं म्हणाल तर मी पट्टा बोटीच्या कडीला अडकवतो, आखूड ठेवला की उडी मारता येत नाही.

शिरोळकर
भावा बाकी सगळं पटलं पण शेवटचं अजिबात नको. बोट उलटली तर कुत्रं बोटीखाली अडकून मरतं, सोडवायला तुमचा हात पोचणार नाही. बोटीला काहीही बांधायचं नाही. आखूड पट्टा हातात धरायचा, मनगटाला गुंडाळायचा नाही, आणि तो गळपट्ट्याला न लावता जॅकेटच्या पाठीवरच्या कडीला लावायचा. वेळ आली तर सोडून देता आला पाहिजे.

बॅकवॉटर_भटक्या
संथ पाण्यात मला कधी अडचण आली नव्हती म्हणून तसं लिहिलं, पण पुराच्या पाण्यात तुमचं बरोबर आहे. ताई, शिरोळकर म्हणतात तसंच करा.

कृष्णाकाठची
सगळ्यांचे खूप आभार, सासूबाईंना वाचून दाखवलं. जॅकेट कुत्र्यांचं वेगळं मिळतं का? आमच्याकडं माणसांची आहेत त्यातलं लहान पोराचं चालेल का? आणि पडलाच पाण्यात तर वर कसं घ्यायचं, बोटीचा काठ गोल आणि गुळगुळीत आहे.

ह्यूस्टनवाला
माणसाचं नको, पुढच्या पायातून निसटतं. कुत्र्याचं वेगळं येतं, ऑनलाइन मिळेल. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर टेपने मोजा आणि त्यावरून साइज घ्या, नुसत्या वजनावरून नाही. पाठीवर मजबूत हँडल, पोटाखालून रुंद पट्टे, रंग केशरी नाहीतर पिवळा. हँडल धरून घरातच उचलून बघा, पट्टे सरकले तर परत करा.

वर घेताना एकानेच घ्यायचं, दुसऱ्याने विरुद्ध बाजूला खाली बसून वजन द्यायचं नाहीतर सगळेच पाण्यात. काठावर ओलं गोणपाट टाका, नखं सगळ्यात जोरात लागतात ती वर चढताना. शेरूला बोटीजवळ ओढा, हँडल धरून किंचित खाली दाबा, जॅकेट त्याला वर ढकलतं त्याच झोक्यात आत घ्या. त्याच्यामागे पाण्यात उडी मारू नका, जॅकेट घातलेलं कुत्रं तरंगत राहतं, हाक मारत राहा म्हणजे तो आवाजाकडे येतो. चढवताना पण आधी माणूस आत बसेल, मग दुसऱ्याने छातीखाली आणि मागच्या मांड्यांखाली हात घालून उचलून द्यायचं, त्याला काठावर पाय देऊन चढू द्यायचं नाही.

सासूबाई म्हणाल्या ते हट्ट म्हणून सोडून देऊ नका. इकडं अमेरिकेत २००५ ला कतरिना वादळात खूप लोक जनावरांसाठी घरात थांबून राहिले, त्यानंतर २००६ ला कायदाच झाला की आपत्तीच्या सरकारी योजनेत पाळीव जनावरं धरलीच पाहिजेत. २०१७ ला हार्वे वादळाच्या पुरात इथं ह्यूस्टनमध्ये लोक कुत्र्यांना बोटीतून घेऊन बाहेर पडत होते. तुमच्या वॉर्डच्या लोकांना आत्ताच जाऊन विचारा की कुठल्या छावणीत कुत्रं घेतात, नाहीतर बोटीतून उतरून दारातच अडाल.

कृष्णाकाठची
हे डोक्यातच आलं नव्हतं, उद्याच विचारते. अजून एक, गल्लीतली चार-पाच कुत्री आहेत, त्यांना आम्हीच खायला घालतो. ती मागे येणार हे नक्की.

शिरोळकर
अनोळखी किंवा अर्धवट माणसाळलेलं कुत्रं तुमच्या बोटीत घेऊ नका ताई, जीव तुटतो हे लिहिताना पण एक घाबरून चावलं की सगळी बोट उलटते. दोन कुत्री एकत्र तर नाहीच. त्यांचंही शेरूसारखंच, पाणी यायच्या आधी. ज्यांच्या दुमजली घराचा जिना उघडा राहतो त्यांच्याशी बोलून ठेवा, कुत्री आपोआप वर जातात, वर दोन बादल्या पाणी आणि कोरडं खाणं ठेवा. गल्लीत कुणी कुत्रं बांधलेलं नाही ना हे निघताना बघा, असेल तर साखळी सोडा. २०१९ ला बांधलेलीच जास्त गेली आमच्याकडं.