प्रत्यारोपणानंतरची काळजी नेमकी कुठवर घ्यावी?

प्रश्न
माझ्या यजमानांचे मूत्रपिंड प्रत्यारोपण होऊन वर्ष होत आले. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारा रक्तातला घटक) स्थिर आहे, डायलिसिसच्या काळातला थकवा आणि पाणी मोजून पिण्याचा जाच संपला आहे, आणि कामावर रुजू व्हायला हरकत नाही, असे डॉक्टरांनीही सांगितले आहे. तरीही ते घराबाहेर पडत नाहीत, भेटायला आलेल्यांना दारातूनच परत पाठवतात आणि रक्ततपासणी जवळ आली की त्यांची झोप उडते. मूत्रपिंड त्यांच्या थोरल्या बहिणीने दिले आहे, "तिने दिलेले माझ्या हातून बिघडले तर?" हेच सतत त्यांच्या तोंडी असते. कोणती पथ्ये आयुष्यभर काटेकोर पाळायची आणि कोणती आता सैल करता येतील, हे कृपया अनुभवी मंडळींनी सांगावे.

प्रतिसाद १
ताई, माझ्या प्रत्यारोपणाला बरीच वर्षे झाली आहेत. माझ्या मते ज्यात तडजोड चालतच नाही, ती गोष्ट म्हणजे औषधांची वेळ. शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून दिले जाणारे टॅक्रोलिमस दिवसातून दोनदा असेल, तर दोन डोसांत बारा तासांचे अंतर हवे. तपासणीच्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यानंतरच घ्यावी, कारण पुढच्या डोसच्या अगदी आधीची, म्हणजे सर्वांत खालची पातळी मोजायची असते. गोळी आधीच पोटात गेली, तर आकडा फुगलेला येतो आणि त्यावरून डोस विनाकारण कमी केला जाण्याचा धोका असतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत. क्लॅरिथ्रोमायसिनसारखी प्रतिजैविके टॅक्रोलिमसची पातळी वाढवतात, तर क्षयावरचे रिफाम्पिसिन ती खाली आणते. म्हणून दाताच्या डॉक्टरांकडे जातानाही मी औषधांची पूर्ण यादी सोबत नेतो. सही करताना हात थरथरतो, तोही याच औषधाचा परिणाम असू शकतो; तो अंगावर न काढता डॉक्टरांच्या कानावर घालावा.

प्रतिसाद २
मी प्रत्यारोपण विभागात परिचारिका आहे. संसर्गाचा धोका पहिल्या सहा महिन्यांत सर्वाधिक असतो, कारण प्रतिकारशक्ती दडपणाऱ्या औषधांची मात्रा तेव्हा जास्त असते. त्यानंतर प्रकृती स्थिर असेल, तर माणसे टाळण्याची गरज नाही; आजारी व्यक्तीपासून दूर राहणे, हात धुणे आणि दाट गर्दीत मास्क लावणे एवढे सहसा पुरते. जिवंत विषाणूंच्या लसी मात्र त्यांना चालत नाहीत, आणि त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढत असल्याने उन्हापासूनचे संरक्षण कायमचे ठेवावे. ताप ३८ अंश सेल्सिअसवर गेला, लघवी कमी झाली, पायांवर सूज आली किंवा नव्या मूत्रपिंडाच्या जागी दुखू लागले, तर त्याच दिवशी संपर्क साधावा. रिजेक्शन, म्हणजे शरीराने नवे मूत्रपिंड नाकारणे, पुष्कळदा लक्षणांवाचूनच सुरू होते, त्यामुळे सारे उत्तम वाटत असतानाही तपासणी चुकवू नये.

प्रतिसाद ३
मी माझ्या भावाला मूत्रपिंड दिले आहे, म्हणून त्यांच्या बहिणीच्या बाजूने लिहिते. भाऊ पुन्हा कामाला लागावा, चारचौघांत वावरावा, यासाठीच मी ते दिले. तो घरात कोंडून राहिला असता, तर मला फार वाईट वाटले असते. जिवंत दात्याचे मूत्रपिंड अनेकदा पंधरा-वीस वर्षे साथ देते, पण पुढे कधी ते थकलेच, तर दोष दरवेळी रुग्णाचा नसतो: मूळ आजार उलटू शकतो, शरीरात नव्या मूत्रपिंडाविरुद्ध हळूहळू प्रतिपिंडे (अँटिबॉडीज) तयार होऊ शकतात, खुद्द औषधांचाही दीर्घकाळात परिणाम होतो. हे त्यांनी बहिणीच्याच तोंडून ऐकावे, असे मला वाटते. दात्यानेही दरवर्षी रक्तदाब, क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिने तपासून घ्यायची असतात. त्या निमित्ताने दोघांनी बरोबर जावे, म्हणजे आपोआप बोलणे होईल. आणखी एक, प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू असेल, तर झोप उडणे आणि जीव घाबरणे त्यानेही होऊ शकते. गोळी मनाने बंद न करता पुढच्या भेटीत हे डॉक्टरांना अवश्य सांगा आणि समुपदेशकाची भेटही त्याच वेळी मागून घ्या.