फुकटचा इंग्रजी क्लास आणि म्हणे आळशी बायका

मिरजेची नणंद: काल इथं एकानं लिहिलं, "परदेशात गेलेल्या आपल्या बायका वर्षानुवर्षं इंग्रजी शिकत नाहीत, सरकार फुकट शिकवतं, मोबाईलवर शोधलं की सापडतं, निव्वळ आळस." वाचून डोकंच फिरलं. माझी वहिनी कॅनडात ब्रॅम्प्टनला, पीआर म्हणजे कायम राहायचा परवाना घेऊन गेलेली, दीड वर्ष घरात. मोबाईलवर इंग्लिश क्लास टाकलं की आयईएलटीएस परीक्षेच्या क्लासच्या जाहिराती, फी बघून दादा गप्प. फुकटच्या सरकारी क्लासला कॅनडात लिंक (LINC) म्हणतात, आधी लेव्हल तपासून घ्यायची मग प्रवेश, हे तिला सांगितलं कुणी? बसस्टॉपवरच्या पंजाबी मावशीनं! नावच माहीत नाही तर शोधायचं काय, कपाळ? ब्रिटनला ईसॉल, ऑस्ट्रेलियात एएमईपी, दर देशात वेगळं बारसं.

विश्रामबागकर: मीच लिहिलं होतं. लायब्ररीत बोर्ड असतो ताई.

मिरजेची नणंद: कुठल्या भाषेत असतो हो दादा?

विट्याचा गलाईवाला: क्लास क्लास काय लावलंय. आमची गलाईवाली माणसं सोनं-चांदी गाळायची भट्टी घेऊन तामिळनाडूत गेली, कुठला क्लास होता? आमचं बापू चौदाव्या वर्षी गेलं, सहा महिन्यात गिऱ्हाईकाशी तमिळमधनं घासाघीस.

आटपाडी एक्सप्रेस: गलाई म्हंजे फक्त विटा नव्हं, आमच्याकडची पण घरटी माणसं गेल्यात. दरवेळी क्रेडिट तुम्हालाच.

विट्याचा गलाईवाला: घ्या, क्रेडिट घ्या, जीएसटी पण तुम्हीच भरा.

मिरजेची नणंद: बापू दुकानात बसून शिकले. तुमच्या आई पण तिथंच होत्या ना? त्यांना किती येतं?

विट्याचा गलाईवाला: आईवर जायचं काम नाही.

विट्याचा गलाईवाला: तण्णी येतं. म्हंजे पाणी. बारा वर्षं होती.

विश्रामबागकर: बरं बाई, आळस शब्द मागे, खूश? पण पंजाबी मावशीला कळलं ते दादाला का नाही कळलं, तो तर ऑफिसात जातो!

मिरजेची नणंद: हे मात्र बरोबर बोललात. दादाला मी झाडलंय.

कुपवाडची लेक: आई सहा महिने व्हिजिटर व्हिसावर टोरांटोला येणारे, लिंक चालेल का?

मिरजेची नणंद: नाही, व्हिजिटरला नाही. लायब्ररीत गप्पांचे ग्रुप असतात ते विचार, बहुतेक ठिकाणी फुकट असतात.

विट्याचा गलाईवाला: बहीण पीआरवर मेलबर्नला चाललीय. तिथं किती तास शिकवतात?

मिरजेची नणंद: आधी ५१० तासांची मर्यादा होती, २०२१ ला काढली.

विट्याचा गलाईवाला: ते एएमईपी इंग्रजीत कसं लिहायचं तेवढं टाका.