वायोमिंगच्या कुरणांखालचा कोळसा आणि वायू : जमीन मालकीची असून रँचरांना नकार का देता आला नाही?

प्रश्न : नौपाडा-वाचक, ठाणे

ठाण्यातील आमच्या अभ्यासमंडळाच्या पुढील बैठकीत मी अमेरिकेतील पावडर रिव्हर खोऱ्याविषयी, म्हणजे ईशान्य वायोमिंग आणि आग्नेय मोंटाना या गुरेपालनाच्या प्रदेशाविषयी बोलणार आहे. तिथे १९७० नंतर प्रचंड खुल्या कोळसाखाणी सुरू झाल्या, १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्याच कोळशाच्या थरांतून मिथेन वायू काढण्याची लाट आली आणि दोन्ही वेळा स्थानिक रँचर (म्हणजे मोठ्या कुरणांवर गुरे पाळणारे) विरोधात उभे राहिले, एवढे वाचनातून कळले. मात्र ही कुटुंबे पिढ्यानपिढ्या त्या जमिनीची मालक आहेत. खासगी मालमत्तेला इतके महत्त्व देणाऱ्या देशात त्यांना सरळ नकार का देता आला नाही? शिवाय पाण्यावर परिणाम झाला म्हणतात, तो नेमका कसा, हेही कोणी समजावून सांगितल्यास आभारी राहीन.

उत्तर १ : दिवाणी वकील, ठाणे

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर १९१६ सालच्या एका कायद्यात आहे. पशुपालनासाठी वसाहत करणाऱ्यांना ६४० एकर सरकारी जमीन देणाऱ्या त्या कायद्याने जमिनीचा पृष्ठभाग वसाहतकाराला दिला, पण खालील कोळसा आणि इतर सर्व खनिजे केंद्र सरकारकडे राखून ठेवली. वर्षाला जेमतेम ४०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या त्या मुलखात ६४० एकरांवर एका कुटुंबाचे धड भागतही नसे, त्यामुळे कागदावरील त्या अटीकडे तेव्हा फारसे कोणी लक्ष दिले नसावे. अशा रीतीने सुमारे सात कोटी एकरांखालील खनिजे सरकारची राहिली. ‘खनिज’ या शब्दाची व्याप्ती किती, तर १९८३ मध्ये वायोमिंगमधीलच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खडीसुद्धा राखीव खनिजांत धरली! जो सरकारकडून खनिजाचा पट्टा घेतो, त्याला ते काढण्यासाठी आवश्यक तेवढा पृष्ठभाग वापरण्याचा हक्क मिळतो. त्यामुळे गवताच्या मालकाच्या हाती फार तर नुकसानभरपाईची वाटाघाट उरते.

आपल्याकडेही सातबाऱ्यावर नाव असले म्हणजे खालील खनिज आपले, असे समजण्याचे कारण नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम ४८ त्यासाठी जरूर वाचावे.

मात्र ‘नकार देता आला नाही’ हे विधान कोळशाच्या बाबतीत अर्धेच खरे आहे. १९७१ च्या एका सरकारी अभ्यासाने उत्तरेकडील त्या मैदानी राज्यांत ४२ वीजकेंद्रांची कल्पना मांडली, तेव्हा रँचर हादरले. १९७२ मध्ये मोंटानात आणि पुढच्याच वर्षी वायोमिंगमध्ये त्यांच्या संघटना उभ्या राहिल्या. राजकीयदृष्ट्या बहुतांशी पुराणमतवादी असलेल्या या माणसांनी वॉशिंग्टनला खेटे घातले आणि ऑगस्ट १९७७ मध्ये खुल्या खाणींच्या नियमनाचा केंद्रीय कायदा झाला. त्या जमिनीवर किमान तीन वर्षे राहणाऱ्या किंवा तिथे पशुपालन करणाऱ्या मालकाची लेखी संमती असल्याखेरीज त्याच्या जमिनीखालील केंद्र सरकारचा कोळसा खुल्या खाणीसाठी पट्ट्याने देता येणार नाही, अशी तरतूद त्यात आली. तेल आणि वायूला ती लागू नाही. म्हणजे ज्या रँचरला कोळशाच्या कंपनीला ‘नाही’ म्हणता येत होते, त्यालाच वीस वर्षांनंतर वायूच्या कंपनीला म्हणता आले नाही. आपल्या मांडणीचा कणा हाच असावा, असे मला वाटते.

उत्तर २ : निवृत्त भूवैज्ञानिक, कोपरखैरणे

वकीलसाहेबांनी कायद्याची बाजू नेमकी सांगितली आहे. मी पाण्याकडे वळतो, कारण त्या प्रदेशातील खरे भांडण पाण्याचेच आहे.

हा कोळसा पॅलिओसीन काळातील, म्हणजे सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीचा, कमी गंधकाचा. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर गंधकावर निर्बंध आले आणि गिलेट शहराच्या आसपासचे जाड, उथळ थर एकाएकी मोलाचे ठरले. काही ठिकाणी एकाच थराची जाडी तीस मीटरपर्यंत भरते. १९८६ पासून वायोमिंग हे अमेरिकेतील सर्वाधिक कोळसा काढणारे राज्य आहे. आता मेख अशी, की या भेगाळलेल्या थरांमध्येच पाणी साठलेले असते आणि गुरांसाठी खोदलेल्या कित्येक कूपनलिका त्यावरच चालतात. खाण खोदली की थरासह तो पाणीसाठाही कापला जातो.

मिथेनच्या बाबतीत प्रकार वेगळा आहे. हा वायू पाण्याच्या दाबामुळे कोळशात अडकून असतो. दाब कमी केल्याशिवाय तो सुटत नाही, म्हणून आधी महिनोन्महिने पाणी उपसून फेकावे लागते. पिण्याच्या दृष्टीने हे पाणी अनेकदा वाईट नसते आणि काही रँचरांनी गुरांसाठी ते आनंदाने घेतलेही, हे सांगायला हवे. पण त्यात सोडियमचे प्रमाण जास्त असल्यामुळे चिकणमातीच्या शेतात ते गेले की मातीचे कण विस्कटतात, वर पापुद्रा धरतो आणि पाणी मुरेनासे होते. एरवी कोरडे पडणारे ओहोळ बारमाही वाहू लागले, हिवाळ्यात तिथे बर्फाचे थर साचले आणि काठची वैरणीची कुरणे खराब झाली. दुसरीकडे शेजाऱ्याच्या विहिरीची पातळी खाली गेली. टंग नदी वायोमिंगमधून मोंटानात जाते. खालच्या अंगाच्या सिंचनकर्त्यांच्या रेट्याने मोंटानाने २००३ मध्ये तिच्यासाठी क्षारता आणि सोडियमची आकडेवार मानके ठरवली, हे त्या लढ्याचे मोठे फलित मी मानतो.

उत्तर ३ : घणसोलीकर

मी प्रकल्पग्रस्त कुटुंबातील आहे, त्यामुळे हा धागा वेगळ्या नजरेने वाचला. नवी मुंबईशी तुलना करण्याचा मोह बैठकीत अनेकांना होईल, पण ती जपून करावी. आमची जमीन संपादित झाली, मालकी गेली आणि लढा मोबदल्याचा व साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळवण्याचा झाला. तिथे मालकी रँचरकडेच राहिली आणि त्याच्या कुंपणाच्या आत दुसऱ्याचे रस्ते, नळवाहिन्या, कॉम्प्रेसरचा रात्रंदिवस आवाज आला.

सर्वच रँचर विरोधात होते, असेही दाखवू नये. काहींची खनिजे स्वतःची होती, त्यांना रॉयल्टी मिळाली. काहींनी खाणीत नोकरी करून कर्जात बुडणारे रँच वाचवले. वायोमिंगमध्ये व्यक्तिगत उत्पन्नकर नाही आणि शाळांचा मोठा खर्च खनिज-करांतून भागला, ही बाजूही मांडावी.

नौपाडा-वाचक, ठाणे

तिघांचेही मनःपूर्वक आभार. आणखी एकच शंका आहे. खाण किंवा वायूची विहीर संपल्यावर जमीन पूर्ववत करण्याची जबाबदारी कोणाची असते?

निवृत्त भूवैज्ञानिक, कोपरखैरणे

कागदावर ती कंपनीचीच असते. खाणीच्या बाबतीत १९७७ च्या कायद्यानुसार वरची सुपीक माती वेगळी राखावी लागते, खड्डा भरून गवत पेरावे लागते आणि अशा कोरड्या प्रदेशात पेरणीनंतर किमान दहा वर्षे कंपनीवर जबाबदारी राहते. गवत बऱ्यापैकी उगवते. तुटलेले भूजलाचे थर मात्र भरावातून सहज जुळत नाहीत. वायोमिंगचे कोळसा उत्पादन २००८ मध्ये शिखरावर पोहोचले आणि त्यानंतर घसरत गेले. २०१६ मध्ये आर्च आणि पीबॉडी या दोन्ही मोठ्या कंपन्यांनी दिवाळखोरीचा अर्ज केला. वायोमिंगने त्यांना रोख अनामतीऐवजी स्वतःच्या आर्थिक पतीवर हमी देण्याची मुभा दिली होती, त्यामुळे माती सारखी करण्याचा खर्च कोण देणार, हा प्रश्न तेव्हा ऐरणीवर आला.

वायूची स्थिती याहून वाईट झाली. खोऱ्यात वीस हजारांहून अधिक मिथेन विहिरी खोदल्या गेल्या होत्या. २००८ नंतर वायूचे भाव कोसळले, मोठ्या कंपन्यांनी विहिरी लहान कंपन्यांना विकल्या आणि त्यांतील कित्येक बुडाल्या. केंद्राच्या पट्ट्यांसाठी एका कंपनीच्या एका राज्यातील सर्व विहिरींना मिळून २५,००० डॉलरची एकच अनामत पुरत असे आणि ही रक्कम दशकानुदशके तशीच होती. ती वाढवणारा नियम २०२४ मध्ये आला. मधल्या काळात अनेक बेवारस विहिरी बुजवण्याचे काम वायोमिंगच्या तेल-वायू आयोगाला, उत्पादकांकडून गोळा होणाऱ्या निधीतून करावे लागले.